शून्य टाकू, तीनशे टाकू, की पानच बंद करू?

पत्र

ताई,

मी मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात एका कंपनीत टेक्निकल सपोर्टला आहे. शिफ्ट रात्रीची. इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका छोट्या बँडची गाणी मी बऱ्याच दिवसांपासून ऐकतोय. तिघंच जण आहेत, गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. रात्री दोन-अडीचनंतर कॉल कमी होतात, तेव्हा कानात तेच असतं. गेल्या महिन्यात त्यांचा नवा अल्बम बँडकॅम्पवर आला. ही कलाकारांनी आपलं संगीत थेट श्रोत्यांना विकायची साइट. तिथे किंमत लिहिलेलीच नाही. रिकामा चौकोन आहे, किंमत तुम्ही ठरवा म्हणतात. शून्य टाकलं तरी डाउनलोड होतं.

माझा रूममेट म्हणाला, त्यांनीच परवानगी दिलीय तर शून्य टाक, तुझं काय जातंय? त्याने तसा उतरवूनही घेतला. माझा मामेभाऊ नेदरलँड्समध्ये असतो, त्याने पंधरा युरो दिले आणि मला बजावलं, शंभर-दोनशे रुपये देऊन त्यांचा अपमान करू नकोस. माझा पगार अठ्ठावीस हजार, त्यातले दहा घरी जातात. पंधरा युरो मला जड आहेत. शून्य टाकायला हात धजत नाही. त्यामुळे महिनाभर नुसतं ते पान उघडतो आणि बंद करतो. अल्बम अजून घेतलेला नाही.

योग्य आकडा कोणता? आणि रूममेटला काही बोलू का?

— रात्रपाळीतला श्रोता, पुणे

उत्तर

प्रिय श्रोत्या,

आकडा आधी सांगते, कारण तू तोच विचारला आहेस. तीन पौंड टाक. आजच्या भावाने साडेतीनशे रुपयांच्या आसपास होतील. हे मी बँडची योग्यता मोजून काढलेलं नाही. तू पगार सांगितलास, घरी किती जातात ते सांगितलंस, त्यावरून काढलंय. असे तीन-चार अल्बम तू वर्षभरात घेऊ शकशील आणि चौथ्या वेळीही तुझा हात आखडणार नाही, असा तो आकडा आहे. साडेतीनशेही जड वाटत असतील तर दोन पौंड टाक. दिवाळीला बोनस आला आणि पाच द्यावेसे वाटले तर पाच दे. पण आज रात्री टाक.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य पैशांचं नाहीच. 'अल्बम अजून घेतलेला नाही' हे ते वाक्य. महिना झाला, ज्या बँडवर तुझा इतका जीव आहे त्यांचं नवं काम तुझ्याकडे नाही, आणि त्यांच्याकडे तुझा एक पैसाही गेलेला नाही. रूममेटकडे निदान अल्बम तरी आहे.

हे तुझ्या एकट्याचं होत नाही. 2010 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एका मोठ्या मनोरंजन पार्कात पाळण्यावरून उतरणाऱ्या लोकांना त्यांचे फोटो विकायला ठेवले. एक लाखाहून जास्त माणसं त्या प्रयोगातून गेली. नेहमीची किंमत 12.95 डॉलर होती तेव्हा जेमतेम अर्धा टक्का लोकांनी फोटो घेतला. 'वाटेल ते द्या' म्हटल्यावर 8.4 टक्के लोकांनी घेतला, पण सरासरी दिले 92 सेंट. मग तिसरी तऱ्हा केली: वाटेल ते द्या, आणि त्यातले निम्मे आम्ही एका धर्मादाय संस्थेला देऊ. आता सरासरी एकदम 5.33 डॉलरवर गेली. पण घेणारे घटले, साडेचार टक्क्यांवर आले.

ते घटलेले लोक कोण, याचा जरा विचार कर. ते फुकटे नव्हते. फुकट्यांनी आधी सेंट देऊन फोटो नेलेच होते. धर्मादायाचं नाव आल्याबरोबर ज्यांना कमी द्यायची लाज वाटली आणि जास्त द्यायची इच्छा किंवा ऐपत नव्हती, ते फोटो न घेताच निघून गेले. थोडे पैसे देणारा माणूस म्हणून स्वतःला बघण्यापेक्षा त्यांनी फोटोवर पाणी सोडलं. मामेभावाने 'अपमान' हा शब्द उच्चारला आणि तुझ्या बाबतीत हेच झालं. त्याचा हेतू चांगला होता, त्याला कलाकारांची कदर आहे, त्याबद्दल मला त्याचं कौतुकच आहे. पण युरोत पगार घेणाऱ्याने रुपयांत पगार घेणाऱ्याला आकडा घालून देऊ नये. किंमत खुली ठेवण्यामागचा एक मोठा हेतूच मुळी हा असतो की लीड्समधल्या, अ‍ॅमस्टरडॅममधल्या आणि पुण्यातल्या श्रोत्याला एकच आकडा सोसायला लागू नये. पंधरा त्याचे ठीक आहेत. तुझे तीन तितकेच ठीक आहेत, आणि पगाराच्या मानाने बघितलं तर ते कमी आहेत असं मला मुळीच वाटत नाही.

आता शून्याकडे येऊ. शून्य टाकणं ही चोरी नाही. बँडकॅम्पवर किमान किंमत ठरवायची सोय असते. 'तुम्ही ठरवा, पण तीन पौंडांच्या खाली नको' असं बँड सहज लिहू शकतो. या तिघांनी शून्याची मुभा ठेवली ती विचार करूनच. त्यांना ऐकणारे हवे आहेत. शाळकरी पोरगं, नोकरी गेलेला माणूस, कार्डच नसलेली कॉलेजची मुलगी, अशांच्या तोंडावर दार लागू नये, हे त्यांनी मनाशी धरलेलं असतं. पण शून्यालाही एक खर्च आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. बँडकॅम्प प्रत्येक कलाकाराला महिन्याला ठरावीक फुकट डाउनलोड देतं, मूळ आकडा 200 आहे. शून्य टाकून कुणी अल्बम उतरवला की त्यातलं एक खर्ची पडतं. शिवाय शून्यात घेतलेला अल्बम तुझ्या बँडकॅम्पच्या संग्रहात जमा होत नाही. पैसे दिलेस, भले थोडे का असेनात, की तो कायमचा तुझ्या नावावर राहतो, अ‍ॅपवर ऐकता येतो, फोन बदलला तरी पुन्हा उतरवता येतो.

शून्य कुणी टाकावं? ज्याला खरंच शक्य नाही त्याने बिनधास्त टाकावं, आणि ज्याला बँड माहीतच नाही, आधी ऐकून बघायचंय, त्यानेही. तू या दोन्हींत बसत नाहीस. तू ऐकून चुकलायस, आवडलंय, आणि तीनशे रुपये तुझ्याकडे आहेत. म्हणून तुझा हात धजत नाही, ते बरोबरच आहे.

खुल्या किमतीची ही पद्धत लोकांच्या कानावर गेली ती रेडिओहेडमुळे. ती हकीकत सविस्तर सांगते, कारण तुझ्या मनात जे चाललंय ते तेव्हा लाखो लोकांच्या मनात चाललं होतं. 2007 साली या ऑक्सफर्डशायरच्या बँडचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी असलेला करार संपलेला होता आणि 'इन रेनबोज' हा अल्बम तयार होता. 1 ऑक्टोबरला त्यांनी चार ओळींत जाहीर केलं की दहा दिवसांत येतोय. 10 ऑक्टोबरला तो त्यांच्या स्वतःच्या साइटवर आला. किमतीच्या जागी रिकामा चौकोन आणि शेजारी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की उत्तर यायचं: तुमच्यावर आहे. पुन्हा मारली की: नाही, खरंच तुमच्यावर आहे. पैसे देणाऱ्याला कार्डाच्या खर्चाचे 45 पेन्स वेगळे पडत. ज्यांना हातात धरायला काही हवं होतं त्यांच्यासाठी तबकड्या आणि सीडींचा जाड संच होता, त्याची किंमत मात्र पक्की, 40 पौंड.

किती जणांनी किती दिले हे बँडने कधी नीट उघड केलं नाही. कॉमस्कोर या कंपनीने अंदाज काढला की 38 टक्के लोकांनी काही ना काही दिलं, बाकीच्यांनी शून्य, आणि देणाऱ्यांची सरासरी सहा डॉलर. बँडच्या लोकांनी हा अंदाज साफ चुकीचा ठरवला. त्यामुळे त्या आकड्यावर फार भार टाकू नये. पण पुढे जे झालं ते नोंदलेलं आहे. डिसेंबरमध्ये डाउनलोड बंद झालं, वर्ष पालटताना साधी सीडी दुकानात आली, आणि दोन महिने फुकट मिळू शकलेला तोच अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये शून्य टाकलं त्यांतल्या कित्येकांनी जानेवारीत सीडीचे पैसे मोजले असणार, असं मला ठामपणे वाटतं. श्रोत्याचा हिशोब एका रात्रीत मिटत नसतो. तुझाही मिटणार नाही. आज तीन दिलेस म्हणजे विषय संपला असं नाही. पुढच्या वर्षी टी-शर्ट घेशील, कुणाला अल्बम भेट देशील.

रेडिओहेडचं उदाहरण देताना लोक एक गोष्ट सोडून देतात. ते तेव्हाच जगभर गाजलेले होते. 2011 साली पुढचा अल्बम काढताना त्यांनी किंमत पुन्हा पक्की केली, साध्या डाउनलोडला 6 पौंड. म्हणून मला त्यांच्यापेक्षा सॉल विल्यम्सची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. हा अमेरिकी कवी आणि गायक. त्याच 2007 च्या नोव्हेंबरात त्याने नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरबरोबर केलेला अल्बम नेटवर ठेवला. पर्याय दोनच: फुकट घ्या, किंवा पाच डॉलर देऊन घ्या. जानेवारी 2008 मध्ये रेझनरने हिशोब जाहीर केला. 1,54,449 जणांनी अल्बम उतरवला होता, त्यांतल्या 28,322 जणांनी पाच डॉलर दिले होते. पाचांत एकसुद्धा नाही. रेझनर खट्टू झाला. त्याला वाटलं होतं, एवढ्या कमी पैशांत, इतक्या चांगल्या प्रतीत आणि पैसे थेट कलाकाराला म्हटल्यावर लोक देतील.

मला रेझनरचं वाईट वाटतं, पण त्याच हिशोबात त्याने आणखी एक आकडा दिला होता. विल्यम्सचा आधीचा, 2004 चा अल्बम तोवर 33,897 प्रती खपला होता. म्हणजे तीन वर्षांत दुकानांतून जितके लोक मिळाले जवळपास तितकेच पैसे देणारे लोक दोन महिन्यांत मिळाले, आणि वर सव्वा लाख नवे कान. तुझा रूममेट त्या सव्वा लाखांतला. तू त्या अठ्ठावीस हजारांतला हो. एखादा छोटा बँड दुसऱ्या अल्बमपर्यंत पोचतो तो अशा थोड्या लोकांच्या थोड्या पैशांवर.

कॅनडाची गायिका जेन सायबरी हिने तर हे 2005 सालीच, रेडिओहेडच्या आधी, सुरू केलं होतं. तिच्या साइटवर गाणं भेट म्हणून घ्या, आत्ता पैसे द्या किंवा ऐकून नंतर द्या, असे पर्याय होते, आणि प्रत्येक गाण्याला लोकांनी सरासरी किती दिले तेही दिसायचं. बँडकॅम्पवर तसं काही दिसत नाही. अल्बमच्या पानावर घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात, रक्कम कुणाचीच दिसत नाही. तुला मामेभावाच्या आकड्याचा ताण आला तो त्याने स्वतः सांगितला म्हणून. तू तुझा सांगू नकोस.

सांगलीत लहानपणी देवळात कीर्तनाला बसला असशील. शेवटी आरतीचं तबक फिरतं. कुणी शंभराची नोट टाकतं, कुणी दहाचं नाणं, एखादी म्हातारी नुसती ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावते. बुवा कुणाच्या हाताकडे बघत नाहीत. पण आपल्यासमोर तबक आलं की उठून बाहेर जाणारा माणूस मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. तू महिनाभर तो बाहेर गेलेला माणूस झालायस, आणि तुझ्या खिशात दहाचं नाणं आहे.

'अपमान' या शब्दाबद्दल अजून थोडं, कारण तो तुझ्या डोक्यात रुतलाय. तीन पौंडांतले त्यांना किती मिळतात? बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर 15 टक्के घेतं, म्हणजे 45 पेन्स. पैसे पोचवणारी कंपनी आपला वाटा कापते, आणि रक्कम लहान असली की तो वाटा जरा जास्तच बोचतो. हातात सव्वादोन ते अडीच पौंड पडतील असं धर. तू आत्ता त्यांना स्ट्रीमिंगवर ऐकतोस ना? तिथे एका वेळेला ठरलेला दर नसतो, पण हजार वेळा वाजलं की साधारण तीन ते पाच डॉलर हक्कधारकांकडे जातात असं सगळीकडे धरलं जातं. भारतातल्या ऐकण्याला त्याहून कमीच. स्पॉटिफायने तर 2024 पासून नियमच केला आहे: वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला काहीच नाही. म्हणजे तुझे तीन पौंड ही तुझ्या शेकडो रात्रींच्या ऐकण्याइतकी कमाई आहे, एका झटक्यात. ज्यांच्या गाण्यांची मोजदाद अशी होते, त्या तिघांना साडेतीनशे रुपयांचा अपमान वाटेल? छोट्या बँडला प्रत्येक विक्रीचा ईमेल येतो. पुणे, भारत असं नाव त्यात दिसलं तर आठवडाभर ते एकमेकांना सांगतील.

फक्त एक कर, अगदीच वीस-तीस रुपये टाकू नकोस. त्यात अपमान वगैरे काही नाही, पण पैसे पोचवण्याच्या खर्चातच ते बहुतेक विरघळतात. तसंच करायचं असेल तर आज शून्यात घे आणि दोन महिन्यांनी ऐपत झाली की नीट दे. पुन्हा त्याच पानावर जाऊन विकत घेता येतं, कुणी अडवत नाही.

आता कामाचं. तुझ्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतील. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू कर, मर्यादा हजार रुपयांची ठेव, आणि काम झालं की पुन्हा बंद कर. बँक चलन बदलून द्यायचे दोन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावेल, तुझ्या रकमेवर ते दहा-पंधरा रुपये होतील. पहिल्यांदा पेमेंट अडकलं तर तेवढ्यावरून सोडून देऊ नकोस. पुष्कळ लोकांचा चांगला विचार ओटीपीच्या पानावर संपतो.

थोडं थांबायची तयारी असेल तर बँडकॅम्प फ्रायडे कधी आहे ते बघ. 2020 च्या मार्चमध्ये, जगभरचे कार्यक्रम बंद पडले तेव्हा, त्यांनी हे सुरू केलं. ठरलेल्या शुक्रवारी ते आपला वाटा घेत नाहीत. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी दुपारपासून शनिवारी दुपारपर्यंत. तुझी शुक्रवारची अख्खी रात्रपाळी त्यात बसते. पण तो शुक्रवार महिनाभर लांब असेल तर वाट बघू नकोस. तू टाळायला कारण शोधतोयस, आणि मी ते तुला देणार नाही.

पैसे देताना कलाकारासाठी दोन ओळी लिहायची जागा असते. तिथे लिही. रक्कम कमी असल्याबद्दल माफी मागू नकोस, हे मी हट्टाने सांगतेय. मला जे लिहिलंस तेच त्यांना लिही: पुण्यात कॉल सेंटरसारख्या ठिकाणी रात्री अडीचनंतर मी तुम्हाला ऐकतो, अमुक गाणं सगळ्यात आवडतं. इंग्रजी कच्चं असलं तरी चालेल. अल्बम संग्रहात आला की त्याच्या पानावर 'हा का आवडला' हे लिहिण्याचीही सोय असते. तुझ्यासारखाच कुणी रिकाम्या चौकोनापुढे अडलेला असेल तर तो ते वाचतो. छोट्या बँडला हे शब्द पैशांइतकेच लागतात. पैशांच्या ऐवजी चालतात असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि रूममेट. त्याला काही बोलू नकोस. त्याने नियम मोडलेला नाही. त्याला अल्बम किती आवडलाय हे तुला ठाऊक नाही, कदाचित अजून त्यालाही नाही. त्याच्याशी गाण्यांबद्दल बोल, तिसरं गाणं ऐकलंस का, त्यात मध्येच ड्रम्स थांबतात ते ऐकलंस का, असं काहीतरी. महिन्या-दोन महिन्यांनी तो स्वतःहून ऐकताना दिसला, तर बँडच्या टी-शर्टचं पान त्याला पाठव आणि सांग की दोन मागवले तर पोस्टाचा खर्च निम्मा-निम्मा पडेल.

— ताई